तुर्कस्तानचं यीस्ट आणि आमचे साडूभाऊ

भिलाईत लोखंड वितळवणारे घरोघरी सापडतील, पण मे महिन्यात यीस्टला एसीत निजवून स्वतः ओसरीवर कूलरसमोर मच्छर मारत पडणारा माणूस साऱ्या छत्तीसगडात एकच, आणि माझं भाग्य थोर म्हणून तो माझा साडू आहे. साडूभाऊंचं आयुष्य प्लांटमधल्या ब्लास्ट फर्नेससमोर गेलं. रिटायर झाल्यावर लोक कुरुदला घर बांधतात आणि कुंपणाला जास्वंद लावतात. साडूभाऊंनी घर बांधलं आणि पाव फुगवायचं यीस्ट थेट तुर्कस्तानातून मागवून बेकऱ्यांना विकायला सुरुवात केली. "इथं नाही का मिळत?" असं मी एकदा विचारून बसलो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या सासरबद्दल काही वाईट बोललो. (ते माझंही सासर आहे.) "मिळते नं. पण मले असं पायजे, जे समुद्र पार करून आलं हाय. ज्यानं जग पायलं, ते आपल्या उन्हाले कावून घाबरन?"

माल निघाला की साडूभाऊ मोबाइलवर जहाज बघत बसतात. एका लग्नाच्या पंगतीत, वाढप्याचा हात जिलेबीसकट हवेत थांबवून ते ओरडले, "सुएझमधून निघालं!" शेजारच्या आजोबांना वाटलं, वरात निघाली, ते बिचारे पानावरून उठले. जहाज विशाखापट्टणमला लागलं की कस्टमच्या बाबूला फोन जातो, "साहब, उनको छाँव में रखिए." एकदा आमच्या पद्मनाभपुरात लाइट गेली, म्हणून मी उशी काखोटीला मारून त्यांच्या घरी गेलो. एसीच्या खोलीच्या कडीला हात लावतो न लावतो, तोच साडूभाऊ दोन्ही हात पसरून आडवे.

"दार नका उघडू! आत जीव हायेत."

"अहो, मीही जीवच आहे."

"तुमी इम्पोर्टेड नाय."

प्लांटमधल्या भट्टीनं त्यांचं गरम-गारचं सारं मोजमापच बदलून टाकलं होतं. चुलीवरची कढई ते सांडशीशिवाय उतरवत, आणि वाफाळता चहा घशात ओतून "गार देल्ला वाटते" अशी तक्रार करत.

गेल्या मे महिन्यात मात्र त्यांची झोप उडाली. कुठल्याशा कागदापायी माल बंदरावर, रणरणत्या उन्हात अडकून पडला. खुर्सीपारच्या बेकरीवाल्यानं निरोप धाडला, "चाचा, इस बार माल मरा निकला तो माफ करना, दूसरे से लूँगा." त्याचं बघून बाकीचे बेकरीवाले माल घेत. तो सुटला की धंदाच बसला. शेवटी खोकी घरी आली आणि साडूभाऊंनी मला परीक्षेला बोलावलं. ही परीक्षा दर मालाची होते. कोमट पाण्यात साखर घालायची, वर यीस्ट भुरभुरायचं. फेस आला तर जिवंत. एरवी पाण्याचं पातेलं ताई आणून ठेवत, साडूभाऊ बोट बुडवून फक्त मान डोलवत. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. त्या दिवशी त्या नागपूरला लेकीकडे होत्या. साडूभाऊंनी स्वतः पाणी तापवलं, बोट बुडवलं, "कोमट!" असं जाहीर केलं आणि यीस्ट भुरभुरलं.

आम्ही वाट पाहिली. पाणी ढिम्म. दुसरं पाकीट फोडलं. तेही ढिम्म. साडूभाऊ खाली बसले.

"गेले," ते म्हणाले. "सारेच गेले."

मग उठले, एसीचं बटण बंद केलं आणि बेकरीवाल्याला सांगायला फोन हातात घेतला. तेवढ्यात दारात ऑटो थांबला आणि ताई पिशव्यांसकट आत आल्या.

"अवो, एसी कावून बंद? अन् चेहरा असा कावून? कोण गेलं?"

मी पातेल्याकडे बोट दाखवलं. ताईंनी त्यात बोट घातलं आणि झटक्यात मागे घेतलं.

"बाप्पा! हे कोमट व्हय? याच्यात तं बटाटे शिजतीन! जित्या जिवाले उकडून मारलं अन् वरतून सुतक पाळून राहिले!"

त्यांनी आधी एसी लावला. मग पातेलं रिकामं केलं आणि गॅसकडे ढुंकूनही न बघता नळाखाली धरलं. मे महिन्यात गच्चीवरची टाकीच चूल होते. त्यात माठातलं थोडं पाणी घालून, मनगटावर थेंब टाकून बघितला, साखर आणि नव्या पाकिटातलं यीस्ट टाकलं आणि पातेलं पुढे सरकवलं. आम्ही तिघं त्यावर वाकलो. आधी एक बुडबुडा, मग दुसरा, मग सगळं पाणी खदखदून हसायला लागलं. साडूभाऊ बेकरीवाल्याला फोन लावून गर्जले, "जिंदा है! सब के सब जिंदा है!"

फोन ठेवून ते पुन्हा पातेल्याशी आले. हळूच बोट बुडवलं.

"हे कोमट व्हय?"

"व्हय."

"मले तं काईच लागून नाय राहिलं वं." त्यांनी बोट तसंच बुडवून ठेवलं. "एवढी वर्सं मले वाटे, पाणी मीच पाहून राहिलो."

ताईंनी ते बोट बाहेर काढलं, पदरानं पुसलं आणि हात आपल्या हातात घेतला.

"अन् हे?"

साडूभाऊंनी तो हात घट्ट धरला.

"हे लागते," ते म्हणाले.

पातेल्यातला फेस काठावरून ओट्यावर उतरू लागला होता. माझ्याखेरीज कोणाचा हात मोकळा नव्हता, आणि मला काही उठावंसं वाटेना.