दाराबाहेरची हजराबी

आर्णीत हजराबीला न ओळखणारा माणूस शोधावा लागेल, आणि सापडलाच तर तो बाहेरगावचा निघेल. बसस्टँडच्या मागे इकबालचं टू-व्हीलर दुरुस्तीचं गॅरेज आहे, त्याची ती बायको, ही जुनी ओळख. नवी ओळख म्हणजे ती दिव्यांग मुलांच्या शाळेत कामाला आहे. कागदावर मदतनीस, शाळेतल्या पोरांच्या तोंडी खाला, म्हणजे मावशी, आणि गावाच्या तोंडी 'पागलांच्या शाळेतली आया'. हे शेवटचं नाव कुणी तिच्यासमोर घेत नाही. एकदा भाजीबाजारात एकाने घेतलं होतं. हजराबीने निवडलेली वांगी परत टोपलीत टाकली आणि त्याच्या खानदानात किती पागल होऊन गेले, याची चार लोकांदेखत सविस्तर चौकशी केली. तेव्हापासून बाजार तिला हजराबाई म्हणतो.

शाळा म्हणजे दोन खोल्या, पत्र्याचा वऱ्हांडा, मागे नळ आणि संडास. शिकवायचं काम देवीलाल राठोड सरांचं आणि बाकी सगळं हजराबीचं. बाकी सगळं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. कुणाचं नाक पुसायचं, कुणाला घास भरवायचा, कुणाला फिट आली तर कुशीवर वळवायचं, कुणी दंडाला चावलं तर न ओरडता दंड सोडवून घ्यायचा. रिजवान नावाचा मुलगा तर तिच्या हातूनच जेवायचा. ती सुटीवर गेली की तो उपाशी. हजराबी हे तक्रार केल्यासारखं सांगायची, पण सांगताना तिचा चेहरा बघावा, तो तक्रारीचा मुळीच नसायचा.

पायल याच शाळेतली. चौदाव्या वर्षात होती, आईच्या खांद्याला लागली होती. बोलणं दोन-तीन शब्दांचं, शिकायला वेळ घ्यायची, पण एकदा शिकली की विसरायची नाही. तिचा बाप धर्मपाल घाटंजी रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचा आणि आई नलू निंदायला, कापूस वेचायला जायची. पायलला भावंड नव्हतं. घरात माणसं तीन, आणि त्यातली दोन दिवसभर बाहेर.

शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. नलू मधल्या सुटीत आली, वऱ्हांड्यात टेकली आणि इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाली, "खाला, पायलचे बाबा तिची पिशवी काढून टाकतो म्हणून राह्यले."

पिशवी म्हणजे गर्भाची पिशवी, हे हजराबीला विचारावं लागलं नाही. उन्हाळ्यात पायलला पाळी सुरू झाली होती. कापडाची घडी ठेवली की ती काढून फेकायची. एकदा नलू शेतात असताना तशीच गल्लीत आली, पोरं हसली, शेजारणीने पदर गुंडाळून घरात नेलं. त्या दिवसापासून दर महिन्याला नलू काम पाडून घरी बसत होती. धर्मपालची थोरली बहीण नागपूरला असते. तिने रस्ता सुचवला होता. डॉक्टरही बघून ठेवला होता. दसऱ्याला सगळे दीक्षाभूमीला जाणारच होते, तेव्हाच दवाखान्यात न्यायचं आणि कायमचा त्रास मिटवायचा, असं ठरलं होतं.

हजराबी आधी भडकलीच. धडधाकट लेकराचं पोट फाडायला निघालात, काही वाटतं का, असं बरंच काही ती बोलली. नलूने सगळं ऐकून घेतलं.

"मी का दुश्मन आहो तिची?" ती म्हणाली. "मी जित्ती आहो तवरोक मी पाहीन. मंग कोण पाहीन, सांगा तुमी."

हजराबीजवळ शिव्यांचा साठा मोठा होता, पण तो तिथेच ठेवून ती सरांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी धर्मपालला बोलावून घेतलं. दुखणं नसताना असं ऑपरेशन म्हणजे इलाज नव्हे, ते पोरीच्या शरीराशी खेळणं आहे, असं नीट समजावून सांगितलं. धर्मपाल मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सर, तुमी तं चार वाजता शाळा बंद करून घरी जाता." तेव्हा हजराबी मध्ये पडली. दसऱ्यापर्यंत मुदत द्या, पोर आपलं आपण करायला शिकली तर पिशवी राहू द्यायची, नाही शिकली तर तुम्ही आणि तुमचा दवाखाना. धर्मपालने बायकोकडे पाहिलं. नलूने मान हलवली खरी, पण विश्वास ठेवून नव्हे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसली ती मान होती.

शिकवायची रीत सरांची होती. कोणतंही काम तोडून त्याचे लहान तुकडे करायचे आणि एकेक तुकडा पक्का करत जायचं. शर्टाची बटणं अशीच शिकवली होती, दात घासणं असंच शिकवलं होतं. हा विषय निघाला की सर खिडकीबाहेर बघत बोलायचे, पण जे सांगायचे ते बरोबर सांगायचे. बाकीचं बाईमाणसाचं काम हजराबीने अंगावर घेतलं.

सुरुवात फसली. लाल रंगाला पोर भिऊ नये म्हणून हजराबीने डोकं चालवलं आणि रमजानमधलं उरलेलं लाल सरबत कापसावर ओतलं. पायलने ते पाहिलं, ओळखलं आणि आनंदाने बोट बुडवून चाटलं. वर टेबलावर मुंग्या झाल्या त्या वेगळ्याच. मग सरबत गेलं, लाल शाई आली. आधी टेबलावर जुन्या कपड्यांवर सराव, मग संडासात. खराब झालेलं काढायचं, कागदात गुंडाळायचं, डब्यात टाकायचं, नवं लावायचं, हात धुवायचे. एकेक तुकडा पायलने पक्का केला. हजराबी आधी आत असायची, मग अर्ध्या दारात, मग दार लोटून बाहेर. एक तुकडा झाला की ती, बाहेर असली तरी कानोसा घेऊन, 'हं' म्हणायची आणि पायल पुढचा घ्यायची.

श्रावणात पायलला शाळेतच पाळी आली आणि सगळं बिनबोभाट पार पडलं. हजराबीने त्या दिवशी अख्ख्या शाळेला जिलेबी वाटली. कशाबद्दल ते सांगितलं नाही. सरांना कळलं होतं. ते खिडकीबाहेर बघत जिलेबी खात राहिले.

पोळा झाला आणि त्याच आठवड्यात शाळेला सुटी असताना पायलची तारीख आली. सुटी संपल्यावर नलू आली ती पोरीला दारात सोडून निघालीच होती. हजराबीने हाक मारून थांबवलं.

नलू म्हणाली की काहीच जमलं नाही. सगळं सामान हातात दिलं, संडासात पाठवलं, आणि पोर नुसती उभी राहिली. शेवटी कपडे, फरशी, सगळं खराब झालं आणि पहिल्यासारखंच नलूलाच निस्तरावं लागलं. "दाराकडंच पाहून राह्यलती," ती म्हणाली. "कोणाची वाट पाहून राह्यल्यावानी. राहू द्या खाला. तुमी लय केलं."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. हजराबी भांडणाला पुरून उरली असती. 'तुमी लय केलं' म्हटल्यावर तिने सरळ सरांना हाक मारली.

सरांनी सगळं ऐकलं आणि हजराबीला म्हणाले, तुम्ही रोज काय करता ते मला करून दाखवा. तिने टेबलावर दाखवलं, प्रत्येक तुकड्यामागे सवयीने 'हं' म्हणत. सर म्हणाले, "खाला, पोर सगळं शिकली. तुमचं 'हं' पण शिकली. घरी ते कुठून येणार?"

हजराबीला हे सुईसारखं लागलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मरमर मरायचं आणि वर दोष आपलाच? दुपारी तिने डबा उघडला नाही. सरांशी बोलली नाही, भांडी मात्र जोरजोरात घासली. शेवटी रिजवान तोंड उघडून तिच्यापुढे बसला, तेव्हा तिचा हात घास घेऊन तसाच थांबला. या पोराला हात आहेत. धड हात आहेत. आपण नसलो की हा उपाशी राहतो, हे आपण गावभर मिरवलं, आणि आपण मेल्यावर हा काय खाईल हे एकदाही मनात आणलं नाही. नलूला जे कळत होतं ते आपल्याला कळलं नाही. हजराबीला स्वतःचीच लाज वाटली. माया आंधळी असते म्हणतात, पण इतकी?

दुसऱ्या दिवसापासून तिने तोंड बंद केलं. हजराबीला ओळखणाऱ्याला विचारा, याहून अवघड काम तिला कुणी देऊ शकलं नसतं. पायल आत जायची, पहिला तुकडा करायची आणि थांबायची. बाहेर हजराबी ओढणीचं टोक दातात धरून उभी. पहिल्या दिवशी पायल उभी राहून राहून रडायला लागली. हजराबीने कडीला हात घातला होता, सरांनी लांबूनच खुणावलं आणि ती मागे सरली. मग सरांनीच तिला दारापासून हलवलं. पायल आत गेली की हजराबीने पार वऱ्हांड्याच्या टोकाला जाऊन तुरीची डाळ निवडत बसायचं. ती बसायची, पण डाळ कमी आणि खडे जास्त भांड्यात पडायचे. पायल कधी अर्धवट सोडून यायची, कधी हात न धुता यायची. मग एक दिवस पूर्ण करून आली, दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धवट. खात्री धरावी असं काही नव्हतं, आणि नवीनवी पाळी, तिची तारीखही पुढे ढकलत गेली. दसरा आला आणि नलू, धर्मपाल, पायल नागपूरला गेले.

जाताना धर्मपाल गॅरेजवर हवा भरायला थांबला होता. इकबालने घरी येऊन सांगितलं की त्याने दवाखान्याच्या तपासण्यांचे कागदही बरोबर घेतले आहेत. नलूला फोन लावायला हजराबीने कितीदा तरी मोबाइल हातात घेतला आणि ठेवून दिला. काय विचारणार होती? नमाजाला बसली की दुआ लांबत जायची. इकबाल म्हणाला, अल्लाला दुसरीही कामं असतात. त्यावर ती त्याच्याशी भांडलीसुद्धा नाही, तेव्हा मात्र इकबाल घाबरला.

शाळा उघडली त्या सकाळी नलू पायलला घेऊन आली. पायल चालत आली, नेहमीसारखी, पाय जरा फेकत. पोटावर हात नाही, चेहऱ्यावर दुखणं नाही. हजराबीने एवढं पाहिलं आणि भिंतीला टेकली.

नलू सांगू लागली. नणंदेचं घर पाहुण्यांनी भरलेलं, संडास एकच, सकाळी बाहेर ही रांग. नलू खाली टपरीवर चहा आणायला गेली होती. तेवढ्यात पायलला पाळी आली. कुणी काही सांगायच्या आत तिने आपली घड्यांची कापडी पिशवी उचलली, रांगेतल्या सगळ्यांच्या पुढे जाऊन आत शिरली आणि कडी लावून घेतली. नणंदेला वाटलं, आता ही सगळं घाण करणार. ती दार ठोकायला लागली. उघड, मी येते, मी बघते, असं तिचं चाललं होतं. नलू जिना चढत होती तेव्हा तिने आपल्या कानांनी ऐकलं.

"आतून पायल म्हणे, 'आहो ना मी अंदर!'" नलू म्हणाली, आणि तिला बोलता बोलता हसू फुटलं. "अशी चिडून म्हणे, खाला. आपुन म्हणतो ना, तशी."

रांगेतल्या बायकाही हसल्या होत्या. नणंदबाई तोंड वासून उभी. पायल आपल्या वेळेने बाहेर आली, नळावर हात धुतले आणि नाश्त्याला बसली. नलूने आत जाऊन पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं, फरशीवर फक्त पाणी.

"मंग दवाखान्याचं?" हजराबीने विचारलं.

नलूचं हसू थांबलं. नणंदेने संध्याकाळी तोच विषय काढला, एवढ्याने काय होतं, डॉक्टरला शब्द दिलाय म्हणाली. धर्मपाल नागपूरला गेल्यापासून फारसं बोललाच नव्हता. "तेव्हा बोलले पायलचे बाबा. म्हणे, ताई, दवाखान्यात कायले नेतं? माही पोरगी बिमार थोडी आहे."

हजराबी वऱ्हांड्यातच खाली बसली आणि रडली. अल्लाचे आभार मानत, नाक ओढणीला पुसत, पोरांदेखत, सरांदेखत मनसोक्त रडली. सर या खेपेला खिडकीबाहेर बघू शकले नाहीत, त्यांचेही डोळे भरले होते. कितीतरी महिन्यांचा दगड छातीवरून उतरला होता, आणि दगड उतरला की रडू येतं हे तिला आजवर माहीत नव्हतं.

पायलला रडारडीचा कंटाळा होता. तिने दप्तर खुंटीला अडकवलं आणि कापडी पिशवी घेऊन मागे संडासाकडे निघाली. जाताना तिने हजराबीकडे एकदाही वळून पाहिलं नाही. हजराबीला त्याचं जरासं वाईट वाटलं, आणि त्याहून कितीतरी जास्त बरं वाटलं.