सेक्रेटरींचा अंगठा

आमच्या दूध सोसायटीच्या सेक्रेटरींइतका ऐटीत आजारी पडणारा माणूस अख्ख्या तुळजापूर तालुक्यात झाला नाही आणि पुढं होणारही नाही. ताप, खोकला असलं किरकोळ काही त्यांना व्हायचंच नाही. झाला तो थेट गाऊट, आणि तोही बहात्तरच्या दुष्काळात, सगळं गाव रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलत असताना! उजव्या पायाचा अंगठा सुजून लालभडक व्हायचा. त्यावरून धोतराचा सोगा गेला तरी सेक्रेटरी डोळे घट्ट मिटून घ्यायचे. कॅनव्हासच्या बुटाला ब्लेडनं खिडकी पाडून त्यांनी त्या अंगठ्याची हवेशीर सोय केली होती आणि त्याला ते 'चेअरमन' म्हणत. "आज चेअरमन रागावलेत, काम न्हाय," असं ते मोठ्यानं म्हणाले की सोसायटीचे खरे चेअरमन बिचारे उगाच चपापायचे.

सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं की रक्तात यूरिक अॅसिड वाढतं, त्याचे सुईसारखे खडे सांध्यात जाऊन बसतात, आणि पूर्वी हा नवाबांचा आजार समजत. झालं! आमच्या साहेबांना तेवढंच पाहिजे होतं. मी सोसायटीचा टेस्टर, दुधाची फॅट काढायचो आणि ती ज्या फळ्यावर लिहायचो, त्याच फळ्यावर ते खडूनं अंगठ्याचं चित्र काढून रांगेतल्या लोकांना शिकवायला लागले. "खातोय मिलो अन् रोग नवाबाचा! निजाम गेला, पर जाताना सामान माझ्या अंगठ्यात ठिवून गेला!" मग कुणी निरगुडीचा पाला आणायचं, कुणी एरंडाचं पान. अणदूरच्या एका म्हाताऱ्यानं 'ओढून सरळ करतो' म्हणून अंगठा धरला, तेव्हाची आरोळी वेशीपर्यंत गेली. पण सेक्रेटरींनी कुणाचाही उपाय नाकारला नाही. उपाय घेऊन येणारा माणूस घटकाभर बसतो ना! बायको कधीच वारली होती, एकुलती लेक मुरूमला दिलेली. गावाच्या पार टोकाला, बौद्धवाड्यात, दोन खोल्यांत हा माणूस एकटाच भिंतीशी बोलायचा. आलेल्याला पाणी पाजल्याशिवाय ते उठू द्यायचे नाहीत, आणि पेला रिकामा होईतो समोर बसून बघत राहायचे. मला तो त्यांचा एक छंद वाटायचा.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कलेजी बंद केली आणि वर सांगितलं, भरपूर पाणी प्या. घ्या आता! टँकर तीन दिवसांनी यायचा आणि त्याच्या नळीवर बायकांची झोंबाझोंबी व्हायची. तरीही त्या बायका माघारी जाताना सेक्रेटरींच्या रांजणात एकेक कळशी ओतायच्या. रोज त्यांच्याकडं बसणाऱ्या मला मात्र दिसायचं की ते पाणी सगळं पाहुण्यांच्या घशात जातंय आणि हे स्वतः घोटभर पिऊन गप्प बसतात. मला डोकं चालवायची भारी हौस! घरोघरी जाऊन सांगितलं, "त्यांच्याकडं जा, बोला, पण पाणी पिऊ नका. पाय बरा होऊ द्या." सगळ्यांना पटलं. मग जो जाईल तो, मीसुद्धा, "तहान न्हाय" म्हणून हात जोडायला लागला. पाणी नको, तर बसायचं कशाला? लोक दारातूनच परतायला लागले. रांजण भरलेला राहिला, प्यायला दुसरं कुणी नव्हतं, आणि महिन्याभरात सूज उतरली. मी तर डॉक्टर झाल्यासारखा गावात मिरवत होतो.

एक दिवस भर दुपारी ते माझ्या घरापुढं येऊन रस्त्यावर उभे राहिले. दोन्ही पायांवर, सरळ.

"चालायला लागलात की!" मी दारातून ओरडलो.

ते हसले नाहीत. "टेस्टर, एक इचारतो, खरं सांगा. माझ्या बापाच्या हातचं पाणी ह्या गावानं कधी पिलं न्हाय. मला वाटलं, ते दिस गेले. लोकांनी पुन्हा चालू केलंय व्हय? अन् तुमी बी?"

अडखळत, घाईघाईनं मी सगळं सांगितलं. पायासाठी केलं, तुमच्या भल्यासाठी केलं. त्यांनी दस्तीनं तोंड पुसलं. "पायाचं बघू पुढं," म्हणाले, "माणसं येऊ द्या." आणि आले तसे माघारी गेले.

त्याच संध्याकाळी मी जाऊन पेलाभर पाणी प्यालो. हळूहळू बाकीचेही यायला लागले, आणि चेअरमन पुन्हा सुजले. सुजला अंगठा पुढं करून सेक्रेटरी माणसांत बसलेले दिसले की मला बरं वाटायचं. पुढं लेक त्यांना मुरूमला घेऊन गेली, आणि तिथंच ते वारले.

आता मी म्हातारा झालो. ती दुपार काही केल्या डोक्यातून जात नाही. एवढ्या उन्हात, गावाच्या त्या टोकापासून ते चालत आले होते. मी उंबऱ्यात उभा राहून त्यांना माझा चांगुलपणा समजावत राहिलो, आणि माझ्या मागंच, हातभर अंतरावर, आमचा माठ होता. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं, हेही मला त्या दिवशी सुचलं नाही. सेक्रेटरीसाहेब, आत या, पाणी घ्या, एवढं तरी म्हणायला पाहिजे होतं हो मी.