मी टांगलेली प्रश्नपेटी

काय सांगू राव, अक्कल पाजळायला जावं आणि तोंडघशी पडावं, हे आयुष्यात एकदा तरी होतंच. माझं झालं ते पार नाकावर!

बहात्तरचा दुष्काळ. मिरजगावात मी नवा नवा विज्ञानाचा मास्तर. अकोले तालुक्यातला दिनकर चित्रकलेला. दोघं एकाच खोलीत राहायचो. भाकरी तो थापायचा, भांडी मी घासायचो, आणि शहाणपण? तेही मीच शिकवायचो!

अकरावीला माझा आरोग्याचा तास होता. पोरं लाजून काही विचारत नाहीत म्हणून मी व्हरांड्यात बिस्किटांचा रिकामा डबा टांगला. नाव न लिहिता प्रश्न टाका, वर्गात उत्तर देईन!

आठवड्यानं डबा उघडला. सतरा चिठ्ठ्यांत एकच प्रश्न, 'उंची कशी वाढेल?' आणि तळाशी निळ्या शाईत, वाकड्यातिकड्या अक्षरात एक: 'मला मुली आवडत नाहीत. माझा जीव एका मित्रावर आहे. हा रोग आहे का? असल्यास औषध सांगा.'

मला घाम फुटला! पुस्तक उघडलं, तर त्यात एकच ओळ. तीही 'विकृती' या मथळ्याखाली.

संध्याकाळी दिनकरला चिठ्ठी दाखवली. "कुणाची असेल रे?"

तो तव्याकडे बघत म्हणाला, "कुणाची का असेना. तू सांगणार काय?"

"आधी पोरगा शोधतो. अक्षरावरून माणूस ओळखतो मी!"

त्या दिवशी भाकरी करपली. दिनकरची भाकरी कधी करपत नसे. पण माझं लक्ष कुठं?

दुसऱ्या दिवशी अकरावीतल्या पोपटला बाजूला घेतलं. अक्षर वाकडं, स्वभाव अबोल. माझी खात्रीच!

"बाळा, घाबरू नकोस. मला सगळं कळलंय."

पोपट पांढराफटक. "सर, म्या एकटा न्हवतो. शंकर बी हुता."

"असू दे रे. जीव आहे ना त्याच्यावर?"

"जीव कसला सर? चिंचा हुत्या! हेडसरांच्या झाडाच्या!"

घ्या! गेलो होतो धीर द्यायला, हाती लागला चिंचाचोर.

पण उत्तर तर द्यायचंच होतं. हेडसरांना विचारलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "परीक्षेला येणार नाही ना? मग सांगा."

वर्गात चिठ्ठी वाचली. म्हणालो, "पुस्तकात याला रोग म्हटलंय. पण पुस्तक लिहिणाऱ्यानं ही चिठ्ठी वाचलेली नाही, मी वाचली आहे. कुणावर जीव लावणं हा रोग कसा असेल? औषध नको, लाजही नको. आणि अशा कुणाला जो चिडवेल, त्याची गाठ माझ्याशी!"

कुणी हसलं नाही. मग मागून पोपट म्हणाला, "सर, उंचीचं ऱ्हायलं की!"

बाहेर आलो तर दिनकर व्हरांड्यातल्या खांबाला टेकून उभा. डोळे लाल. खोलीवर आल्यावर हळूच म्हणाला, "चिठ्ठी माझी होती. डाव्या हातानं लिहिली."

मी खाटेवर बसलोच! घाबरत विचारलं, "तो मित्र... मी तर नाही ना?"

"तू? अरे, घोरतोस किती!" डोळे पुसता पुसता तो हसत सुटला. "राजूरला असतो तो. पोस्टात."

"मग मला तोंडावर का नाही विचारलंस?"

"तू 'रोग' म्हणाला असतास, तर या खोलीत राहिलो कसा असतो?"

मी त्याचा हात धरून बसलो.

आणि एकदम आठवलं! आदल्याच रविवारी या दीडशहाण्यानं राहात्याला जाऊन दिनकरसाठी मुलगी पाहिली होती. आणि त्याला न विचारता होकारही देऊन टाकला होता!

पहाटेच्या एसटीनं राहाता गाठलं. मुलीच्या वडिलांपुढं हात जोडले. "चूक माझी. त्याचं मन दुसरीकडं आहे, मला कळलंच नाही."

माणूस भला. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. पन मास्तर, तुमी बी बिनलग्नाचेच हाय की!"

मी लाजून कॉलर सारखी करतोय, तोवर आतून मुलीचा आवाज आला, "आबा, एका खोलीत राहून ह्यांना मित्र कळला न्हाई. मी काय कळनार?"