कँटीनमागच्या ढिगातले कॉम्प्युटर

अकोल्याच्या एमआयडीसीत सोयाबीनचं तेल काढणाऱ्या एका कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळायला होतो. घर अमरावतीला, त्यामुळे आठवडाभर अकोल्यात खोली करून राहायचो. एका वर्षी ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर बदलले. जुन्यांच्या हार्ड डिस्क काढून घ्या आणि बाकीचं कँटीनमागे टाका, असा हुकूम आला. तो मीच पाळला.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी त्या ढिगाशी उकिडव्या बसलेल्या दिसल्या. वय पन्नाशीचं, पदर कमरेला खोचलेला. एका कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून त्या आतल्या पॉवर सप्लायचा वास घेत होत्या.

"भाऊ, हा जळला नाई," त्या म्हणाल्या. "धुळीनं गुदमरला. मी नेऊ काय?"

न्या म्हटलं, तर लेखी परवानगी मागितली. उद्या कोणी चोरीचा आळ घ्यायला नको, असं त्यांचं म्हणणं होतं. मॅनेजरसाहेबांनी हसत सही केली. पुढचे अकरा दिवस रोज एकेक डबा मावशींच्या डोक्यावरून गेटबाहेर गेला.

महिन्याभराने मी कुतूहलाने त्यांच्या घरी गेलो. चहा होईपर्यंत कळलं की माहेर नांदगाव खंडेश्वरचं. थोरल्या भावाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा आठवीत सुटली आणि लग्न होईपर्यंत त्या भावाशेजारी बसून सोल्डरिंगचे डाग देत होत्या. त्यानंतर हातात झाडू आला, पण बोटं काही विसरली नव्हती. एका मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर काढून त्यांनी दुसऱ्या मेलेल्या बोर्डावरचे चांगले तिथे बसवले होते. रॅमच्या पट्ट्या शाळेच्या खोडरबराने घासून चकचकीत केल्या होत्या. अकरा डब्यांतून चार कॉम्प्युटर उभे राहिले होते, डिस्क तेवढ्या नव्हत्या. मी डिप्लोमा केलेला माणूस. बिघडलेलं कार्ड काढून नवीन लावायचं, एवढंच मला येत होतं.

मग सोयाबीनचा हंगाम आला. ट्रकांची रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली, आणि नेमका वजनकाट्याचा कॉम्प्युटर बंद पडला. तेवढा एकच आम्ही जुना ठेवला होता, कारण काट्याची वायर ज्या जुन्या सॉकेटात बसते, ते नव्या कॉम्प्युटरला नव्हतंच. बोर्ड गेला होता. नागपूरचा इंजिनियर परवा येतो म्हणाला. मॅनेजरसाहेब काट्याच्या खोलीत येऊन माझ्या डोक्याशी उभे राहिले.

मावशी बाहेर फरशी पुसत होत्या. पोछा बादलीत टाकून त्या आत आल्या.

"याच जातीचा माह्याकडे हाय," त्या मला म्हणाल्या. "याच्यातली डिस्क चांगली असन. तेवढी काढून ठेवा, आपण आताच जाऊन येऊ."

माझ्या मोटरसायकलवर मागे बसून त्यांनी तो डबा मांडीवर धरून आणला. डिस्क बसवली. पहिल्यांदा पडदा काळाच राहिला आणि मी पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिलो. त्यांनी मला बाजूला केलं, रॅम काढून पुन्हा घट्ट बसवली आणि बटण दाबलं. काट्याचे आकडे पडद्यावर आले. बाहेर पहिला ट्रक सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला.

साहेबांनी तुम्हाला काय देऊ म्हणून विचारलं. त्यांनी बादलीतला पोछा उचलून पिळला.

"पुढच्या टायमाले फेकाच्या आंदी मले दाखवत जा," एवढंच म्हणाल्या आणि राहिलेली फरशी पुसायला गेल्या.

साहेबांनी ते पाळलं. दोन वर्षांनी मावशींनी नोकरी सोडली. आता घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. मी अमरावतीला परत आलोय, पण मागच्या महिन्यात माझा लॅपटॉप चार्ज होईना, तेव्हा मी गाडी पकडून थेट अकोल्याला गेलो. ओळखीचा म्हणून लगेच हातात घेतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, बाकाकडे बोट केलं आणि बसायला सांगितलं. माझ्या आधी दोघं जण होते.