बसवकल्याणच्या गच्चीवर चिनी नववर्ष

१. चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी मी पुण्याहून बसवकल्याणला गेले.
२. सणाचं जेवण वेळेत तयार झालं.
३. कावळा आला नाही.
४. त्यामुळे उत्तर चीनमधल्या एका घरातही जेवण थांबलं.

आता सविस्तर. तूरडाळीतला डागी दाणा ओळखून बाजूला उडवणारं यंत्र बसवायला मेई चीनहून तिथल्या डाळमिलमध्ये आलीय. त्याचं सॉफ्टवेअर मी बघते. सणाला ती पहिल्यांदाच घराबाहेर होती. "हे जेवण एकटीनं जेवायचं नसतं," एवढाच तिचा निरोप आला. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर उमरग्याच्या पुढे फाट्यावर उतरलात की शेअर रिक्षा मिळते. सामान कमी ठेवा. माझ्या मांडीवर कोबीचे गड्डे होते, तेही दुसऱ्याचे.

मेईची घरमालकीण अक्का. घर शाकाहारी, अंडंही चालत नाही. म्हणून सारण कोबी, पनीर आणि आल्याचं. मैद्याच्या पारीत ते भरून करंजीसारखं मुडपायचं आणि तळण्याऐवजी उकळत्या पाण्यात सोडायचं. अक्काच्या करंज्या मेईच्यापेक्षा सुबक झाल्या. माझ्या फुटल्या.

मेईनं पहिली वाटी दिवंगत आजोबांच्या फोटोपुढे ठेवून उदबत्ती लावली. त्यांच्याकडे सणाला आधी पूर्वजांना वाढतात, मग घरचे जेवतात. मोबाइलवर तिची आई जेवणाच्या काड्या धरून बसली होती. लेकीनं पहिला घास घेतल्याशिवाय ती खाणार नव्हती. मेईनं घास उचलला.

"कामून उचलायलीस गं? अजून कावळा शिवला न्हाई!"

फोटो, उदबत्ती, वाढलेली वाटी. अक्काच्या लेखी हे श्राद्ध होतं. हा सण आहे, असं मी सांगून पाहिलं.

"सण आसू दे. आजोबा उपाशी आन् आपण खायचं?"

वाटी गच्चीच्या कठड्यावर गेली. मागोमाग आम्ही, आणि मोबाइलमधली आई. कावळ्याचं मी मेईला समजावलं, मेईनं आईला. समोरच्या टाकीवर कावळे होते, पण हलेनात.

"आजोबा चीनचे, कावळा हितला," अक्काचे यजमान अप्पा म्हणाले. "वळख पटायला येळ लागंल."

"तुमी गप बसा," अक्का म्हणाली. "कायतरी इच्छा राहिली आसंल. इचार तिच्या मायला."

मेईनं आईला विचारलं, उत्तर लांबलचक आलं. मेई मला इंग्रजीत म्हणाली, "डुकराच्या मांसाशिवाय केलेलं त्यांना कधीच आवडलं नाही."

नको ते नेमकं बाजूला काढणं ही माझी नोकरी आहे. अक्काला मी सांगितलं, "सारण जरा वेगळं लागायचं त्यांना."

अक्कानं कठड्याशी जाऊन हात जोडले. "आजोबा, ह्या घरात हाय ते हाय. पोर सकाळपस्नं राबायलीय. तिकडं तिची माय उपाशी बसलीय. गोड मानून घ्या."

एक कावळा उतरला आणि करंजी उचलून उडाला.

मेई आईला काहीतरी म्हणाली. आईनं डोळे पुसले, ती हसली. मेईनं पहिला घास घेतला. मग आईनं.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"आजोबा जेवले म्हणून."

चव सौम्य, आलं छान लागतं. व्हिनेगरमध्ये बुडवून खा. पुण्यात परतून मी पुन्हा करून पाहिल्या, एकटीनं. तितक्या लागल्या नाहीत. मेईचं म्हणणं खरं असावं.

हा सण पौर्णिमेला संपतो. त्या दिवशी चिकट तांदळाच्या पिठाचे, आत काळ्या तिळाचं सारण भरलेले गोळे उकडतात. "पुनवंला व्हय? मग हितंच," असं अक्कानं परस्पर ठरवून टाकलं आहे. मेईनं आईलाही कळवलं. फक्त ते पीठ मला पुण्यात मिळालेलं नाही. सोलापूर किंवा हैदराबादमध्ये कुठे मिळतं हे कुणाला ठाऊक असेल, तर कृपया येत्या गुरुवारपर्यंत खाली लिहून कळवा.