स्लाइडवरचा निळा ठिपका

माझ्या लॅबच्या भिंतीवर एक चौकट टांगलेली आहे. आत प्रशस्तिपत्रक. पॅथॉलॉजीची आवड असलेले विद्यार्थी आणि नवे डॉक्टर यांच्यासाठीची निबंध स्पर्धा, पहिला क्रमांक. रिपोर्टची वाट बघत बाकावर बसलेली माणसं ते वाचतात. कुणी कौतुकानं विचारलंच तर मी "जुनी गोष्ट आहे हो" म्हणते आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारते. त्या चौकटीमागचं खरं मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला सांगेन सांगेन म्हणत ती गेलीसुद्धा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना — बारा वर्षं झाकून धरलीय. आता बोटं दुखायला लागली.

मग चौकट उतरवून का ठेवत नाही, असं तुम्ही विचाराल. उतरवली तर भिंतीवर पांढरा चौकोन राहील, आणि कुणीतरी त्याच्याबद्दलही विचारेल. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तेव्हा माझं बॉण्डचं वर्ष चालू होतं. एमबीबीएस झाल्यावर सरकारी नोकरीचं सक्तीचं एक वर्ष असतं, ते मला किनाऱ्यावरच्या एका ग्रामीण रुग्णालयात मिळालं. नाव नाही सांगत. आमच्या तोंडवलीहून स्कूटरवर जाण्याइतकं जवळ. दुपारी ओपीडी संपली की सगळं रुग्णालय पेंगायचं आणि मी मागच्या लॅबमध्ये जाऊन बसायची. खिडकीबाहेर सुरूची झाडं, त्यांच्यामागे समुद्र. दिसायचा कमी, ऐकू जास्त यायचा. मायक्रोस्कोपला डोळा लावला की त्या आवाजात खालचा गुलाबी-जांभळा मुलूख हळूहळू सरकायला लागायचा. एक क्षेत्र, मग दुसरं, मग तिसरं. घड्याळ कुठेतरी दूर राहायचं. मला वाटतं, आयुष्यात मी इतकी सुखी नंतर कधीच नव्हते. पॅथॉलॉजीच करायची हे त्याच दुपारींनी ठरवलं. बाबा म्हणाले होते, "म्हणजे नाडी बघूची नाय? मगे कसली गो तू डॉक्टर?"

बघा — अजून मी समुद्राचंच सांगत बसलेय.

लॅबमध्ये दत्तारामकाका होते. टेक्निशियन, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. उंच, वाकलेले, चष्मा कायम कपाळावर चढवलेला. त्यांची एक रीत होती, आणि ही सगळी गोष्ट त्या रीतीचीच आहे. टेक्निशियननं रक्त घ्यायचं, काचपट्टीवर पसरायचं, रंगवायचं, मोजायचं. निदान बोलायचं नाही, ते डॉक्टरचं काम. तरुणपणी काकांनी एकदा एका डॉक्टरला पेशंटांदेखत सांगितलं होतं की हा मलेरिया वाटतो, आणि "तू कधी झालास डॉक्टर?" हे सगळ्यांसमोर ऐकून घेतलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी तोंड मिटलं आणि टाक उचलला. स्लाइडच्या मागच्या बाजूला, जिथे बघायला हवं नेमकं तिथे, निळ्या शाईचा मोहरीएवढा ठिपका. डॉक्टरनं तिथे भिंग आणायचं, जे दिसेल ते आपल्या नावानं लिहायचं, सही करायची. मग काका स्पिरिटच्या बोळ्यानं ठिपका पुसून टाकायचे.

"माका बोलूचो अधिकार नाय, बाय," ते मला म्हणाले होते. "ठिपक्याक आसा."

चारचौघांत ते मला "मॅडम" म्हणायचे आणि लॅबमध्ये दोघंच असलो की "बाय". हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ऑक्टोबरात डेंग्यूची साथ होती. कसालच्या पलीकडच्या एका गावातून सुमनताई आल्या. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या, पस्तिशीच्या. ताप, हिरड्यांतून रक्त, प्लेटलेट्स खाली. मशीननं आकडा दिला, सगळ्यांनी डेंग्यू म्हटलं, मीही म्हटलं. त्या धांदलीत प्रत्येकाची स्लाइड कोण करतो? काकांनी केली. दुपारी त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली. "बाय, हयसर जरा बघ गो." रक्ताच्या थराच्या शेपटीकडे ठिपका होता. मी भिंग आणलं — आणि तिथे त्या पेशी होत्या, मोठ्या, बेढब, आणि त्यांच्या पोटात बारीक लाल काड्या, जळणाची मोळी बांधावी तशा. पुस्तकात पाहिलं होतं. रक्ताचा एक कॅन्सर, काही दिवसांत माणूस नेणारा, पण वेळेत औषध मिळालं तर बरा होणारा. त्याच संध्याकाळी सुमनताईंना ॲम्ब्युलन्सनं गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. त्या वाचल्या.

इथवर माझं काही चुकलं नाही. किंवा काकांच्या ठिपक्यावर आपली सही सगळेच डॉक्टर करत होते, तेवढंच चुकलं.

मग त्या स्पर्धेचं पत्रक आलं. विषय — 'मला घडवणारी एक स्लाइड'. मला वाटलं, हा विषय माझ्यासाठीच काढलाय. तीन दुपारी बसून इंग्रजीत निबंध लिहिला. त्यात काका होते, टाक होता, ठिपका होता. मी तो वाचला आणि — खरं सांगू? — मला राग आला. त्या निबंधात मी कोण होते? दाखवलं तिथे बघणारी एक मुलगी. बक्षीस द्यायचं तर काकांना द्यावं लागलं असतं. म्हणून मी ठिपका काढून टाकला. त्याऐवजी मी स्वतः क्षेत्रामागून क्षेत्र धुंडाळत गेले, असं लिहिलं.

तरीही निबंध मिळमिळीतच वाटत होता. कशावर तरी मात केल्याशिवाय नायिका कसली? आणि मग मी ते वाक्य लिहिलं. एकच. 'टेक्निशियनने ही स्लाइड नॉर्मल म्हणून बाजूला ठेवली होती. मी ती सहज उचलली.'

सहज. हा शब्द मी दोनदा खोडून पुन्हा लिहिला होता, तो चांगला बसावा म्हणून.

निबंधासोबत स्लाइडचा फोटो द्यायचा होता. मोबाइल मायक्रोस्कोपच्या आयपीसला लावला तर कोपऱ्यात ठिपक्याची निळसर सावली येत होती; ॲम्ब्युलन्सच्या गडबडीत तो पुसायचा राहून गेला होता. काका जेवायला गेले होते. पुसायचं काम त्यांचं — पण त्या दिवशी बोळा मी घेतला. शाई जुनी झालेली, चटकन निघाली नाही. थोडं घासावं लागलं.

बक्षीस लागलं. निबंध संस्थेच्या अंकात छापून आला. अधीक्षक साहेबांनी त्याचं पान नोटीस बोर्डवर लावलं, मला शाल-श्रीफळ दिलं. सगळ्यांत जास्त टाळ्या काकांनी वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून गुळाचं खाजं आणलं आणि नर्सपासून शिपायापर्यंत सगळ्यांना वाटलं. "आमच्या बायचा नाव झाला." तो अंक त्यांनी माझ्याकडून मागून घरी नेला. इंग्रजी त्यांना रिपोर्टापुरतं यायचं. कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी वैशाली, तिनं त्यांना तो वाचून दाखवला. मराठीत सांगत सांगत, एकेक ओळ.

अंक देताना माझा हात थबकला नाही का? थबकला. पण नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

सोमवारी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांनी निबंध आता नीट वाचला होता. त्यांच्या टेबलावर काकांकडे खुलासा मागणारं पत्र टाइप करून तयार होतं. एवढी गंभीर स्लाइड नॉर्मल म्हणून बाजूला कशी ठेवली? त्यांनी आधी मला विचारलं, "मॅडम, असंच झालं होतं ना?"

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर समुद्र. मला अजून स्वप्नात ती खोली दिसते. मी तोंड उघडते आणि आवाज येत नाही, सुरूच्या झाडांचा येतो. त्या दिवशी मात्र आवाज होता. घसा ठणठणीत होता. मी म्हणाले, "हो."

मी काकांकडे पाहिलं नाही. पण त्यांचं बोलणं ऐकू आलं. "सायबानू, माझ्याच नजरेतून सुटली ती. वय झाला."

ते खोटं बोलले. माझ्यासाठी. ज्या माणसाच्या नजरेतून तीस वर्षांत काही सुटलं नाही, त्यानं आपल्याच तोंडानं सांगितलं की सुटलं. त्यांच्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली. मी तिथेच उभी होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान बिळाच्या मालकावर आळ तरी घेत नाही.

दुपारी मी लॅबमध्ये गेले. दोघंच होतो. ते म्हणाले, "ट्रे ठेवलो आसा, मॅडम. तुमी बघून घेवा."

मॅडम. तुमी.

एकाही स्लाइडवर ठिपका नव्हता. त्या दिवशी नाही, आणि माझे पुढचे चार महिने एकदाही नाही. पहिल्या आठवड्यात मी घाबरले, की आता काय काय माझ्या हातून सुटेल. मग हळूहळू लक्षात आलं. जी स्लाइड खरंच बघायला हवी ती ट्रेमध्ये सगळ्यांत पुढे असायची. रोज. काकांनी माझ्याशी बोलणं सोडलं, पण पेशंटला त्याची किंमत मोजू दिली नाही. त्यांनी फक्त पुसता येईल अशी खूण ठेवणं बंद केलं. ते कळलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि तोंड धुऊन परत येऊन रिपोर्टांवर सह्या केल्या.

मग बॉण्ड संपलं, मी एमडी केलं, कुडाळात लॅब टाकली. सुमनताई ठणठणीत आहेत. दर मोसमात ओल्या काजूगरांची पिशवी घेऊन येतात. मी घेते. भाजी करते. चवीनं खाते, तेही सांगून टाकते.

मागच्या वर्षी त्या आल्या तेव्हा बाकावर दत्तारामकाका बसले होते, साखर तपासायला. वैशाली सोबत होती, त्यांचा हात धरून. काचबिंदूनं त्यांची नजर गेलीय. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. सुमनताई आपल्या सवयीप्रमाणे सगळ्या बाकाला सांगायला लागल्या, "ह्या बायमुळे मी आज हयसर उभी आसंय. हिनाच माझो आजार हुडकून काढलो." माझ्या हातात सिरिंज होती. काकांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मला वाटलं, आता. आता तरी ते बोलतील. किंवा मी बोलेन.

"खरा आसा ता," ते म्हणाले. "तेंची नजर बरी."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी काकांच्या दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, रक्त घेतलं. ट्यूबवर त्यांचं नाव लिहिलं. तिथे आम्ही चौघं होतो — ज्यांची ती गोष्ट होती ते सगळे एका खोलीत. सांगायला दोन मिनिटं पुरली असती. मी म्हणाले, "रिपोर्ट संध्याकाळी मिळेल."

मागच्या वर्षी मी काही बॉण्डवरची चोवीस वर्षांची मुलगी नव्हते. वयाच्या नावावर घालता येईल असं त्यात काहीच नव्हतं.

हे मी आता मराठीत लिहिलंय, आणि याची पहिली प्रत उद्या तोंडवलीला जाताना वाटेत काकांच्या घरी थांबून वैशालीच्या हातात देणार आहे. काकांसमोर उभं राहून बोलायला अजून जमत नाही — तेही यातच धरा. तो निबंध त्यांना तिनंच वाचून दाखवला होता. हेही तीच वाचेल. काका, स्लाइडवर ठिपका होता. तो तुम्ही घातला होता. तो मी पुसला.