वरणाचं वरचं पाणी

पोतं उघडलं की आबा वरचा माल बघतच नसत. कोपरापर्यंत हात आत घालायचा, तळाची मूठ वर काढायची आणि आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघत म्हणायचं, "वर नका देखू, खाले देखा." वर टपोरी तूर आणि खाली किडकी असा माल आणणारा मग आपल्या चपलांकडे बघत उभा राही.

धुळ्याच्या बाजार समितीत आबा मापाडी होते आणि मी कारकून. लिलाव झालेला माल ते तोलायचे आणि मी पावतीवर लिहायची. साठीला टेकलेला हा माणूस खुर्चीवर बसलेला मी कधी पाहिला नाही. बोलता बोलता मध्येच निघून जायचे आणि उरलेलं वाक्य यार्डाला एक चक्कर मारून आल्यावर पुरं करायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. तो काम करतो आणि दम आपल्याला लागतो.

माझ्या डब्यावर त्यांचा विशेष डोळा. बटाट्याची भाजी आणि पोळी दिसली की चेहरा पडायचा.

"ताई, ह्यामा दाय कोठे शे?"

डाळीला आमच्या खानदेशात दाय म्हणतात. मी म्हणायची, "आबा, दिवसभर तिच्यातच हात घालून असता, म्हणून तुम्हाला जिकडेतिकडे तीच हवी." ते हसायचे आणि खिशातले मूठभर फुटाणे माझ्या पावतीपुस्तकावर ठेवून निघून जायचे. गळ्यात तुळशीची माळ होती. घरात कुणी अंडं आणलं असतं तर आबांनी घर धुवून काढलं असतं. "आमनी बठ्ठी ताकद दायमाच शे," असं म्हणायचे आणि दंड फुगवून दाखवायचे. दंड फारसा फुगत नसे, पण ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

एक दिवस सकाळपासून ते माझ्या टेबलाभोवती घिरट्या घालत होते. तीनदा आले, तीनदा परत गेले. चौथ्यांदा मीच म्हटलं, "आबा, काय ते सांगा, नाहीतर मला भोवळ येईल."

"ताई, एक काम शे."

काम सुनेचं होतं. मुलगा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात होता. सून इथे गावी, धुळ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, सहा महिन्यांची गरोदर. तपासायला न्यायचं होतं आणि आबांच्या बायकोला गुडघ्यांमुळे बस चढवत नव्हती. "तुम्ही न्या की," मी म्हटलं. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना लुगडं नेसायला सांगितलं होतं.

त्यांच्या घरची रीत अजून जुनीच होती. सासरा दाराशी खाकरला की सुनेनं पदर हनुवटीपर्यंत ओढून आत जायचं. सुनेच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि सासऱ्या-सुनेत एक शब्द बोलणं झालेलं नव्हतं. ती काय खाते, किती खाते, हे विचारणं सासऱ्याला शोभत नाही. हे सगळं ते मला खांबाकडे बघत सांगत होते.

मी तिला घेऊन गेले. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, मनगटं एवढीशी, बांगड्या कोपरापर्यंत सरकणाऱ्या. डॉक्टरबाईंनी तपासलं, सोनोग्राफी बघितली आणि म्हणाल्या, "बाळ महिन्यांच्या मानानं लहान आहे. वाढ मागे पडतेय. अंडी खातेस?"

"नाही."

"डाळ?"

"रोज खाते. वरण-भात."

डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि लिहायला लागल्या. माझा स्वभाव संशयी, आणि आबांच्या संगतीत तो आणखी बिघडलेला. मी विचारलं, "वरण कसं असतं गं?"

ती खाली बघून म्हणाली, "वरचं पाणी देतात मला, तूप घालून. घट्ट वातूळ असतं ना. आणि बाळ फार मोठं झालं तर सुटका अवघड होते, असं सासूबाई म्हणतात."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. असं सांगणारी ही काही पहिली नव्हती. बळ वरच्या पाण्यात नसतं, खाली बसलेल्या डाळीत असतं, हे त्यांनी तिला नीट समजावलं. ताकदीच्या पावडरीचे महाग डबे नकोत, म्हणाल्या. घट्ट वरण, उसळ, शेंगदाणे, दूध-दही, आणि भाकरीच्या पिठातच उडीद. "तुमच्याकडे कळण्याची भाकरी करतात ना? तीच खा. गोळ्या देते त्या चुकवू नकोस. पंधरा दिवसांनी या."

परत येताना बसमध्ये तिनं गोळ्यांची पुडी पदराच्या टोकाला बांधली. उतरताना एवढंच म्हणाली, "सासूबाईंना वाईट नका समजू. स्वतः कोरडा भात खातात आणि तूप मला देतात." मला त्या बाईचा राग आला होता. तो धरून ठेवायलाही तिनं जागा ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी आबांना सांगितलं तेव्हा ते तुरीच्या ढिगापाशी उभे होते. ऐकताना त्यांचा हात ढिगात गेला आणि तिथेच राहिला. हमाल हाका मारत होते, काट्यावर पोतं चढलेलं होतं, आणि हा माणूस हलायला तयार नाही. मला भीती वाटली.

"दिवसभर मी दाय तोलस," ते म्हणाले, "अन् मना घरमा पोर पानी पेस."

इतक्यांच्या पोत्यांचा तळ त्यांनी उघडा पाडला होता, पण स्वतःच्या चुलीवरच्या पातेल्याचा तळ पाहायची त्यांना मुभा नव्हती. त्या दिवशी तोलताना ते दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा मी पावती फाडून पुन्हा लिहिली.

त्यानंतरचे पंधरा दिवस आम्हा दोघांनाही चैन नव्हतं. त्यांनी बायकोला सांगितलं. ती "हो" म्हणाली आणि वरचं पाणीच देत राहिली, कारण बाळंतपणातलं पुरुषांना काय कळतं? मग दुपारी मला सुनेला फोन करायला लावायचे आणि स्वतः समोर येरझाऱ्या घालायचे.

"काय खाल्लं म्हनस ती?"

"वरण."

"वाटीमा चमचा उभा ऱ्हायना का, ते इचारा."

चमचा उभा राहत नव्हता. तिचा आवाज दर फोनला बारीक होत होता, आणि मी फोन ठेवला की आबा यार्डाच्या पार दुसऱ्या टोकाला निघून जात. पंधरा दिवसांनी डॉक्टरबाई म्हणाल्या, फरक नाही. असंच राहिलं तर दिवस भरायच्या आत बाळ काढावं लागेल आणि त्याचं काय होईल ते सांगता येणार नाही. हे आबांना मी पावतीपुस्तकात बघत सांगितलं.

त्या रविवारी मी गोळ्या द्यायला गावी गेले होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. सासूबाईंनी फुनके केले होते. तुरीची डाळ भिजवून, वाटून, त्याचे मुटके वाफवायचे आणि कढीबरोबर खायचे. आबांचं आवडतं. त्यांचं ताट ओसरीवर मांडलेलं होतं. आबा ताटावर बसले नाहीत. ताट उचललं, दाराशी खाकरले आणि जिथे त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं त्या स्वयंपाकघरात शिरले. सुनेनं पदर ओढला आणि कोपऱ्यात सरकली. तिला बाहेर जायलाही वाट नव्हती.

आबांनी ताट तिच्यासमोर ठेवलं, स्वतः भिंतीकडे तोंड करून मांडी घातली आणि भिंतीलाच म्हणाले, "आजपासून ती पहिले जेवी, मंग मी जेवसू."

"लोके काय म्हनतीन?" सासूबाई कळवळल्या.

"लोकेस्ले सांग, मना डोया भिंतकडे व्हतात."

कढी निवत होती. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी चुलीकडे. मग त्या कोपऱ्यातून फुनका मोडल्याचा बारीक आवाज आला. आबांची पाठ एकदम सैल झाली. ती खात राहिली, मध्येच नाक ओढत, आणि आबा भिंतीकडे बघत एकेक घास ऐकत राहिले. खरं सांगते, मला हसूही येत होतं आणि रडूही.

पुढचे अडीच महिने रोज दोन्ही वेळा असंच चाललं. कामावरून उशीर झाला तर ती उपाशी राहील, म्हणून पाचाच्या ठोक्याला आबा सायकलवर टांग टाकायचे. सुरुवातीला सासूबाईंनी अबोला धरला. मग एक दिवस त्यांनी स्वतःच पातेल्यात पळी तळापर्यंत घातली. ज्वारीत उडीद घालून कळणा दळून आणला, शेंगदाण्याची चटणी कुटली. बाळ वाढायला लागलं. डाळीनं की गोळ्यांनी की आणखी कशानं, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "असंच चालू द्या," आणि मी दवाखान्याच्या पायरीवरूनच आबांना फोन लावला.

मुलगी झाली, पावणेतीन किलोची. आबांनी नर्सबाईंना विचारलं, "काटा पासिंग व्हयेल शे ना?" आम्हा बाजारवाल्यांचे काटे दरवर्षी सरकारकडून तपासून शिक्का मारून घ्यावे लागतात. नर्सबाई रागावल्या. आबांचं समाधान झालं नाही, पण त्यांनी काटा बदलून मागितला नाही, एवढं त्यांच्या नावावर लिहायला हवं.

पुढे लग्न होऊन मी जळगावला आले. आबांचे फोन यायचे. नवऱ्याचा डबा कसा असतो, हे विचारायला. गेल्या वर्षी फोन आला तो त्यांच्या मुलाचा. आबा सकाळी उठलेच नाहीत.

मी सांत्वनासाठी त्यांच्या दारावर बसायला गेले. ओसरीवर आबांचा फोटो होता, हार घातलेला, ओळखपत्रासाठी काढतात तसा ताठ आणि घाबरलेला. मुलगी अंगणात खेळत होती. सून माझ्याजवळ येऊन बसली. आता चांगली भरली होती. बराच वेळ ती त्या फोटोकडे बघत होती.

"ताई," ती हळूच म्हणाली, "मी त्यांना नीट पाहिलंच नाही कधी. पदराखालून पाय दिसायचे. जेवताना पाठ दिसायची. तोंड ह्या फोटोतच बघते आहे. तुम्ही तर रोज बघत होता. ते हसताना कसे दिसायचे?"

मी तिच्याकडे वळून बसले. मग मी सांगायला लागले. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता, म्हणून ओठ मिटूनच हसायचे, आणि हसू मग सगळं डोळ्यांत जायचं. डावा डोळा पार मिटायचा. ती ऐकत होती. तिचा पदर खांद्यावर उतरला होता, आणि तो वर घ्यायचं तिला भान नव्हतं.